गट नंबर युनिक असतो म्हणे!

“गट नंबर युनिक असतो ना? मग गट नंबर ही की, खातेदाराचं नाव ही व्हॅल्यू. विषय संपला.” आमच्या टीम लीडचं हे वाक्य मला पाठ झालंय. एका गटावर दहा-दहा नावं असतात, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, नंतर ईमेलही केला. उत्तर एका ओळीचं आलं: उगाच गुंतागुंत वाढवू नकोस, डेमो जवळ आलाय. तो ईमेल मी अजून जपून ठेवलाय. का, ते पुढे कळेलच.

काम तसं किरकोळ होतं. कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊससाठी जमिनी घेणाऱ्या एका पार्टीला हव्या त्या गटांच्या सगळ्या खातेदारांना संमतीची पत्रं पाठवायची होती. एजंटने सातबारे बघून एक्सेल शीट भरलं होतं, एका ओळीत एक खातेदार. पत्ते त्याच्या वहीतले. शीट वाचायचं, गटवार पत्रं छापायची, एवढंच. त्या गटांत आमच्या कोंडाण्याचेही काही होते, आणि मी कोंडाण्याचा, म्हणून ‘लोकल नॉलेज’साठी मला टीममध्ये घेतलेलं. ते नॉलेज मी दिलं तेव्हा कुणाला नको होतं.

सातबारा ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायची गरज नाही, पण वातानुकूलित केबिनमध्ये सांगावं लागतं. १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, कूळ म्हणून कसणारे आमच्याकडचे बरेच जण जमिनीचे मालक झाले. तेव्हा एकेक नाव होतं. तो आजोबा गेला की वारस नोंदीत चार मुलगे, दोन मुली आणि विधवा बायको. त्यातला एक मुलगा गेला की त्याची पोरं. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात बांध वेगळे झाले तरी कागदावर सगळे सामाईकच राहतात. कोंडाण्याच्या लेण्यांत, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरच्या शिल्पाशी, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं असा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षं त्या कामावर एकच नाव टिकलंय. शेताच्या नशिबी तेवढं सुख नाही.

साध्या मॅपमध्ये, म्हणजे जावाच्या हॅशमॅपमध्ये किंवा पायथनच्या डिक्शनरीत, एका कीला एकच जागा असते. खुंटी एक, सदरा एक. दुसरा टांगला की पहिला खाली. आणि तो पडल्याचा आवाजही होत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. जावाचं पुट आधीची व्हॅल्यू परत देतं खरं, पण ती कोण बघतो? आमच्या कोडमध्ये कुणी बघत नव्हतं. ती ओळ माझी नव्हती, हे एकदा लिहून ठेवतो.

पत्रं गेली. डेमोला टाळ्या पडल्या. मग बदलापूरला दिलेल्या माझ्या आत्याचा फोन आला. “अरे, मला एकटीलाच कसं पत्र आलं? आणि सगळा गट माझ्याच नावावर दाखवलाय. घरातले विचारतात, माहेरची जमीन विकायला काढलीस काय!”

आमच्या गटावर वारस नोंदीच्या क्रमाने काकांची नावं आधी, आत्याचं शेवटी. शीटमध्येही तोच क्रम. प्रोग्रामने थोरल्या काकांचं नाव ठेवलं, त्यावर मधल्यांचं, त्यावर धाकट्यांचं, आणि सगळ्यात वर आत्याचं. उरली ती आत्या. पत्रावर क्षेत्र मात्र अख्ख्या गटाचं, कारण ते गटावरून येत होतं. मी आउटपुटची फाइल उघडली. तिथे एक साधी गोष्ट ढळढळीत दिसत होती: जितके गट, तितकीच पत्रं. एकाही गटाला दुसरं पत्र नाही. अख्ख्या पट्ट्यात एकही सामाईक जमीन नाही, असं ते यंत्र छातीठोक सांगत होतं आणि ‘टेस्टिंग’ केलेल्या कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी फिरली. मधले काका दारात येऊन उभे. “तुझ्याच कंपनीचं पत्र ना रं? भावांची नावं उडवून बहिणीला पुढं केलं, ही कुणाची अक्कल?” त्यांना हॅशमॅप काय समजावणार! ज्या बहिणीने आजवर हक्कसोड दिलं नाही तिच्यावर आधीच डोळा होता. या पत्राने तेल ओतलं. लीडसाहेबांना फोन केला, तर म्हणाले, “तुझंच गाव आहे, तू जरा मॅनेज कर.” आणि दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये, “ही रिक्वायरमेंट आपल्याला नीट कम्युनिकेट झाली नव्हती.” मी तो ईमेल स्क्रीनवर लावला. शांतता. मग म्हणे, ब्लेम गेम नको. चूक त्यांची असली की तो ब्लेम गेम होतो.

असो. यातून ज्यांना काही घ्यायचंय त्यांच्यासाठी.

एका कीला अनेक व्हॅल्यू ठेवायची सोय जवळपास प्रत्येक भाषेत आहे, नवीन काही शोधावं लागत नाही. सी प्लस प्लसमध्ये मल्टिमॅप १९९८च्या पहिल्या स्टँडर्डपासून आहे. जावाच्या मूळ लायब्ररीत नाही, पण गुगलच्या ग्वावा लायब्ररीत आहे. ती नको असेल तर कीसमोर यादी ठेवा, आणि २०१४च्या जावा ८पासून कॉम्प्यूट-इफ-अ‍ॅब्सेंटने ते एका ओळीत होतं. पायथनमध्ये डिफॉल्टडिक्ट. फक्त त्याला नसलेली की नुसती विचारली तरी तो तिथे रिकामी यादी तयार करून ठेवतो. चौकशी केली म्हणून सातबारा उघडला, असला प्रकार. मोजणी चुकते. आणि डिक्टच्या फ्रॉमकीजला रिकामी यादी दिलीत तर सगळ्या कींना एकच यादी मिळते. अख्ख्या गावाचे खातेदार प्रत्येक गटावर चढतात. हे आमच्या दुरुस्तीच्या पहिल्या फेरीत झालं. दुरुस्ती कुणाकडे होती ते विचारू नका.

क्लायंटकडून नमुना मागताना सगळ्यात वाईट ओळ मागा. “जास्तीत जास्त नावं असलेला सातबारा दाखवा,” एवढं एक वाक्य. डेमोसाठी एजंट नेहमी एकाच मालकाचा स्वच्छ उतारा काढून देतो.

मोजून बघा. आत किती ओळी गेल्या, बाहेर किती जोड्या आल्या. ग्वावाच्या मल्टिमॅपचा साइज जोड्या मोजतो, कींची संख्या नव्हे; गटांची संख्या हवी तर की-सेटचा साइज घ्या. जोड्या आणि गट हे दोन आकडे सारखे आले तर टाळ्या वाजवू नका, संशय घ्या. जावाच्या स्ट्रीममध्ये टूमॅप वापरलात तर दुहेरी की आल्यावर तो चक्क एक्सेप्शन फेकतो. त्याला मर्ज फंक्शन देऊन गप्प करू नका. तो एकटाच खरं बोलत असतो.

यादी की सेट, हे विचारपूर्वक ठरवा. लीडसाहेबांनी दुसऱ्या फेरीत हॅशमल्टिमॅप आणला, डुप्लिकेट आपोआप जातात म्हणून. जातात ना! आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. एकाच गटावर दोन चुलतभाऊ एकाच नावाचे, बापांची नावं शीटमध्ये भरलेली नाहीत, की त्यातला एक गायब. नाव ही माणसाची ओळख धरू नका. खाते क्रमांकही धरू नका, सामाईक खात्यात एका क्रमांकावर अनेक माणसं असतात. शीटच्या प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक द्या आणि तो सांभाळा.

कीचीही तीच गत. नुसता गट नंबर ही की नव्हेच. तो गावापुरता असतो. गाव, तालुका, जिल्हा सगळं जोडा. नुसता ‘कर्जत’ लिहिलात तर रायगडचं की अहिल्यानगरचं? कोंडाणे कोणी कोंढाणे लिहितो, आणि कोंढाणा म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला सिंहगड आठवतो. याहून चिवट भानगड आकड्यांची: अर्ध्या ओळी देवनागरी आकड्यांत, अर्ध्या इंग्रजी आकड्यांत. माणसाला एकच गट दिसतो, प्रोग्रामला दोन. आणि हिस्सा नंबर तिरकी रेघ देऊन लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. बारा भागिले एक या हिश्शाची बारा जानेवारी झालेली मी पाहिली आहे. शीट भरायच्या आधीच तो कॉलम टेक्स्ट करून घ्या. नंतर केलात तर मूळ आकडा परत मिळत नाही.

उलटा शोध लागणारच हे गृहीत धरा. गटावरून माणसं हा सातबारा; माणसावरून गट हा आठ-अ. दोन्ही ठेवणार असाल तर एका बाजूचा बदल दुसरीकडे त्याच वेळी झाला पाहिजे, नाहीतर आत्या एकीकडे खातेदार आणि दुसरीकडे परकी. माहिती टिकवायची असेल तर हे सगळं मेमरीत न खेळवता डेटाबेसमध्ये गट आणि खातेदार यांचं वेगळं जोड-टेबल करा. मी पहिल्याच दिवशी हेच म्हणालो होतो.

लेखी ठेवा, तोंडी नको. हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

आणि खोडताना जपा. हक्कसोडाचा फेरफार मंजूर झाला की एकच नाव कमी करायचं असतं. सी प्लस प्लसच्या इरेजला नुसती की दिलीत तर त्या गटावरची सगळी माणसं एका फटक्यात जातात. एक काढायचा तर त्याचा इटरेटर शोधून द्यावा लागतो. ग्वावात रिमूव्हला की आणि व्हॅल्यू दोन्ही द्या, रिमूव्ह-ऑलच्या वाटेला जाऊ नका. आमच्या प्रोजेक्टमध्ये तो रिमूव्ह-ऑल अजून तसाच आहे. मी कळवलंय, ईमेलने. उत्तर आलेलं नाही.