मत्स्यडिंभाचा पहिला घास

जिताडा हा मासा रायगडच्या खाडीकाठी कोणास ठाऊक नाही? परंतु अंड्यातून नुकताच बाहेर पडलेला जिताडा पाहिलेले वाचक विरळाच असतील. त्याची लांबी त्या वेळी जेमतेम दीड मिलिमीटर भरते व त्याचे तोंडही उघडलेले नसते. पोटाशी चिकटलेल्या बलकावर त्याचा दोन-तीन दिवस कसाबसा निर्वाह होतो. पुढे तोंड उघडते, आणि तेव्हा जवळ तोंडात मावेल असे हालते-चालते भक्ष्य नसेल, तर हजारो डिंभ थोड्याच अवधीत मरून तळाशी जातात. कोरडे खाद्य टाकून भागत नाही. ते पाणी मात्र नासवते.

हे भक्ष्य म्हणजे रोटिफर, अर्थात् 'चक्रधारी'. त्याच्या डोक्यावरील सूक्ष्म केसांचे कडे हलू लागले की चाक फिरल्याचा भास होतो, म्हणून हे नाव. खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यातील ब्रॅकिओनस हा सुमारे ०.१ ते ०.३ मिलिमीटर लांब असून फार सावकाश पोहतो, हे डिंभाच्या पथ्यावरच पडते. जपानात ईल माशांच्या तळ्यांत हा उपद्रवी गणला जाई. १९६० च्या सुमारास ताकाशी इतो यांनी त्याच उपद्रव्यास डिंभांचे अन्न ठरविले!

रोटिफर पाळावयाचा तर प्रथम त्याचे अन्न पिकवावे लागते. गाळलेल्या पाण्यात हिरवे सूक्ष्म शैवल वाढवून, मग त्यात रोटिफर सोडावे व मंद हवा चालू ठेवावी. नर नसतानाही मादी अंडी घालते, म्हणून एक-दोन दिवसांत संख्या दुप्पट होते. पाण्याचा हिरवा रंग विरला की अन्न संपले असे समजावे. आमच्या मते खरी पारख मात्र भिंगाखालीच होते: पुष्कळ माद्यांच्या अंगावर अंडी दिसली तर वाढ उत्तम, अंडी दिसेनाशी झाली तर पिंप लवकरच ओसाड पडावयाचे.

यीस्टवरही रोटिफर झपाट्याने वाढतात व खर्च कमी येतो. पण अशा रोटिफरांत डिंभास अत्यावश्यक असलेली काही मेदाम्ले नसतात. पोट भरूनही डिंभ दगावतो. यास्तव डिंभांपुढे सोडण्यापूर्वी काही तास त्यांस शैवल अथवा माशाच्या तेलाचे मिश्रण चारतात.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बीज उबवणी केंद्रात निर्माण केले. डिंभ मोठे झाल्यावर त्यांस आर्टेमियाची पिल्ले देतात. परंतु शैवल व रोटिफर यांची पिंपे अंडी येण्याच्या कित्येक दिवस आधीच सिद्ध हवीत. आणि रोटिफरांची चाळणी शैवलाच्या पिंपात कदापि बुडवू नये, कारण चुकून गेलेली एखादी मादीदेखील पुढे ते सारे पिंप फस्त करविते.