बोरसी बाहेर, मगच झोप

पौषात काशीत हाडं गोठवणारी थंडी पडते आणि माझ्या दवाखान्यात एक तक्रार सुरू होते. "डॉक्टर, सकाळी उठलं की डोकं ठणकतं, मळमळतं. पित्त झालंय." मी आधी विचारतो, रात्री बोरसी (शेकायची शेगडी) कुठे होती? उत्तर ठरलेलं: "खोलीतच. पण धूर गेल्यावरच आत घेतली."

धूर गेला की धोका गेला, ही समजूत काही केल्या जात नाही. मातीच्या बोरसीत गोवऱ्या, भुसा, नाहीतर घरीच तोडलेल्या आंब्याच्या फांद्या अंगणात पेटवायच्या आणि निखारे लाल झाले की ती आत आणून दार लावायचं, ही इथली रीत. धूर निदान डोळ्यांना झोंबतो. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, त्याने ठसकाही लागत नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो.

ब्रह्माघाटाकडच्या एका मराठी घरातल्या आजींना सून घेऊन आली. आजींचं डोकं दुखायचं, उठताना झोक जायचा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. घरात आणखी कोणाचं डोकं दुखतं का, विचारलं. सुनेचं आणि नातवाचंही! गच्चीवर उन्हात बसलं की तिघांनाही बरं वाटायचं. तिघं एकाच खोलीत झोपत, खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलेलं. "पण मी बोरसीशेजारी पाण्याचं पातेलं ठेवते ना," आजी म्हणाल्या. मोबाईलवर कुणीतरी तसं सांगितलं होतं.

असले उपाय पसरवणाऱ्यांचा मला संताप येतो. पाण्याने हवेचा कोरडेपणा कमी होतो, बस. हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. कापूर, तुळशीची कुंडी, चिरलेला कांदा, कशानेही तो अडत नाही. १९०२ साली पॅरिसमध्ये एमिल झोला हा मोठा लेखक झोपेत याच वायूने गेला. पुण्यामुंबईत बंद न्हाणीघरातला गॅस गीझर जीव घेतो, तोही असाच.

घरातल्या दोघातिघांचं डोकं एकदम दुखू लागलं, चक्कर, उलटी, गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, तर पित्त समजून लिंबूपाणी देत बसू नका. दारंखिडक्या सताड उघडा, माणसाला बाहेर काढा, १०८ ला फोन करा. बोटावरचं यंत्र ९८ दाखवतंय म्हणून थांबू नका. साधं ऑक्सिमीटर इथे फसतं. गर्भवतीला तर किरकोळ त्रास झाला तरी रुग्णालयात न्याच, पोटातल्या बाळाला जास्त धोका असतो. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास.

आजी वेळेवर आल्या, बऱ्या झाल्या. बोरसी टाकून द्या असं मी त्यांना सांगितलं नाही. या थंडीत म्हाताऱ्या माणसांना ऊब हवीच. संध्याकाळी ओसरीवर खुशाल शेका. खोलीत घेतलीत तर समोरासमोरची दार-खिडकी उघडी हवी आणि कुणीतरी जागं हवं. झोपण्याआधी ती घराबाहेर गेलीच पाहिजे. नुसती राख लोटून भागत नाही, राखेखाली निखारे तासन्‌तास धुमसतात. अंथरुणात रजई आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी घ्या. आणि त्रास झालाच, तर रुग्णालयात पाऊल ठेवताच सांगा: आम्ही बंद खोलीत बोरसी घेऊन झोपलो होतो. तुम्ही सांगितलं नाहीत तर डॉक्टरही पित्ताचंच औषध देतील.