आकाशातल्या दगडाला मारलेली हाक

मंडळी, आमच्या पडेगावहून दौलताबादच्या वाटेला लागले, की डोंगर जवळ येऊ लागतात. एखाद्या उभ्या कड्यासमोर थांबा आणि मोठ्याने हाक मारा. थोड्या वेळाने तुमचीच हाक परत येते. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर धावतो. समजा, हाक दोन सेकंदांनी परत आली. मग एक सेकंद जायला लागला, एक यायला. म्हणजे कडा ३४० मीटर लांब. पाऊल न टाकता अंतर कळले की नाही?

रडार नावाचे यंत्र हेच करते. मात्र ते आवाजाने हाक मारीत नाही, रेडिओच्या लहरींनी मारते. या लहरी एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातात.

अशी हाक एका दगडाला मारावी लागली. का, ते ऐका.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते. तसेच लाखो लहानमोठे दगडही फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. बहुतेक आपल्यापासून फार लांब असतात. काहींची वाट मात्र पृथ्वीच्या वाटेजवळून जाते. असा दगड आदळला तर काय होते, ते लोणारला जाऊन पाहावे. बुलढाणा जिल्ह्यातले ते सरोवर आपण लवणासुराच्या कथेतून ओळखतो. फार पुरातन काळी आकाशातून दगड आदळला आणि काळ्या कातळात तो खड्डा पडला. खड्ड्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे.

जून २००४ मध्ये अमेरिकेतून एक नवा लघुग्रह दिसला. पुढे त्याचे नाव अपोफिस ठेवले. रुंदी सुमारे ३४० मीटर. आपली हाक एका सेकंदात जाते, तेवढी! डिसेंबरात हिशेब निघाला, की १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव शंभरात जवळजवळ तीन वाटे आहे. काही दिवसांतच जुनी छायाचित्रे सापडली. हिशेब पुन्हा केला, तेव्हा २०२९ ची भीती गेली. पण २०३६ व २०६८ या सालांची शंका राहिली. २०३६ ची शंका २०१३ मध्ये मिटली.

शंका एवढी का टिकली? अंधाऱ्या रात्री लांबच्या रस्त्यावर सायकलचा दिवा दिसतो. तो कोणत्या बाजूला सरकतो, हे कळते. पण किती लांब आहे, ते डोळ्याला नीट समजत नाही. दुर्बिणीचेही तसेच आहे. दिशा तिला चांगली कळते, अंतर तितके नाही. ते रडारला विचारावे.

मार्च २०२१ मध्ये अपोफिस पृथ्वीपासून १ कोटी ७० लाख किलोमीटरांवरून गेला. अमेरिकेत गोल्डस्टोन येथे ७० मीटर रुंदीची तबकडी आहे. तिने त्याच्याकडे लहरी सोडल्या. दगडावर आपटून त्या परत आल्या, तेव्हा दूर ग्रीन बँक येथल्या १०० मीटर रुंद तबकडीने त्या ऐकल्या. जाऊन यायला जवळजवळ दोन मिनिटे लागली. (पुणे जिल्ह्यात खोडदला आपल्या ३० मोठ्या तबकड्या आहेत. पण त्या फक्त ऐकतात, हाक मारीत नाहीत.) एवढ्या लांबचे अंतर, पण चूक फार तर दीडशे मीटरांची! हिशेब पक्का झाला. २०६८ ची शंकाही गेली. निदान शंभर वर्षे तरी हा दगड पृथ्वीवर आदळणार नाही, असे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

१९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीमुळे जग बुडणार म्हणून लोक घाबरले होते. ठिकठिकाणी होमहवने झाली. आमचे वडीलधारे ते सांगत. आता अशा बातम्या मोबाइलवर येतात. अपोफिसचे नाव घेऊन कोणी पूजेला पैसे मागू लागला, तर आम्ही एक रुपयाही देणार नाही.

मात्र तो येणार आहे, हे खरे. आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिल २०२९ रोजी, म्हणजे डॉ. बाबासाहेबांच्या जयंतीच्या पहाटे, सव्वातीनच्या सुमारास तो सर्वांत जवळ असेल. जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटर. तुमच्या छपरावरची टीव्हीची तबकडी ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो सुमारे ३६,००० किलोमीटर वर आहे. म्हणजे दगड त्याच्याही आतून जाईल. युरोप व आफ्रिकेत तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. एवढ्या अंतरावरून रडारची हाक परत यायला दोन मिनिटे लागत नाहीत. सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो.