पाकिटावर काय लिहायचं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मंडळीत उपकारस्तुतीची पाकिटं वाढतात. रविवारी पाळकसाहेब त्यांवर लिहिलेलं आभाराचं कारण वाचून दाखवतात. अमक्यांचा मुलगा 92 टक्के मिळवून पास, तमक्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश, कुणाला नोकरी लागली, कुणी नव्या घरात राहायला गेलं. ऐकायला छान वाटतं. पण ज्या पोराला 52 टक्के पडलेत, त्याच्या घरचं पाकीट त्या यादीत सहसा नसतं. तो मागच्या बाकावर बसून सगळी नावं ऐकतो. उपकार कधी मानायचे असतात, हे त्याला तिथे आपसूक कळतं.

आपल्या मनात तसं काही नसतं हो. आपण दमलेलो असतो, एवढंच. माझी हॉस्पिटलात शिफ्ट ड्युटी, यांची एमआयडीसीत. घरात शिरल्यावर तोंडातून पहिलं निघतं ते काय? रिलीव्हर उशिरा आली, साहेबांनी रजा नाकारली, नळाला पाणी नाही. मग ताटं वाढली की डोळे मिटून प्रभूचे उपकार मानायचे, आणि ‘आमेन’चा ‘न’ संपायच्या आत, “आज परत दोडकाच का?”

पोरं सगळं टिपत असतात. त्यांच्या लेखी मग ती प्रार्थना जेवणाआधी हात धुण्यासारखी होऊन बसते. उरकायची, कारण मम्मी बघतेय.

आणखी एक गोष्ट आपण सगळेच करतो. मुलगी हिरमुसून सांगते, गॅदरिंगच्या नाचात बाईंनी मला घेतलंच नाही. आपला एक हात कुकरवर, दुसऱ्यात फोन. आपण म्हणतो, “अगं, शाळेत जायला मिळतंय ना? कित्येकांना तेही मिळत नाही. देवाचे आभार मान.” ती गप्प होते. आपल्याला वाटतं, पटलं बरं का पोरीला. तिला एवढंच पटलेलं असतं की पुढच्या वेळी हे मम्मीला सांगायचं नाही.

खरं तर आपल्या पवित्र शास्त्रात रडायला कुणी मनाई केलेली नाही. स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र बघा. अवघी सहा वचनं. त्यातली पहिली चार नुसतं गाऱ्हाणं आणि विनवणी: देवा, तू मला विसरलास की काय, हे किती दिवस चालायचं? गाणं येतं ते शेवटी. 88व्या स्तोत्रात तर शेवटीही उजेड दिसत नाही, आणि तरी ते स्तोत्र कुणी वगळलं नाही. मग आपल्या लेकीला नाचाचं दुःख दोन मिनिटं करू द्यायला काय हरकत आहे? आधी तिला बोलू द्यावं. आभाराचं नंतर, रात्री झोपताना बघता येईल. त्या दिवशी नाही जमलं, तर नाही.

पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र मला यासाठी फार जवळचं वाटतं. तो बंदिवासात आहे आणि चिंता करू नका, आभार मानत देवाकडे मागा, असं लिहितो. एवढंच असतं तर मीही ‘सांगणं सोपं आहे’ म्हणून पान उलटलं असतं. पण त्याच पत्रात तो एपफ्रदीताचं नाव घेतो. मंडळीने त्याच्या हाती पाठवलेलं सगळं पोचलं, असं कळवतो. कुणी आणलं, कुणी पाठवलं, सगळं नावानिशी.

घरात हे सहज करता येतं. रिलीव्हरची तक्रार सांगायचीच आहे, तर सांगा. पण वॉर्डातल्या मावशींनी न विचारता चहाचा कप हातात दिला, तेही त्याच दमात सांगा. मग जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्या मावशींचं नाव घ्या. आमच्याकडे धाकट्याने लगेच स्वतःची भर घातली: प्रभू, आज पीटीचा तास झाला आणि व्हॅनवाल्या काकांनी खिडकीची जागा दिली. मोठ्यांना हसू येतं, येऊ दे. त्याला टोकून ‘नीट प्रार्थना कर’ मात्र म्हणू नका.

हंगामाच्या सणातल्या अर्पणाचंही तसंच, ते मुलांचं स्वतःचं हवं. खेड्यातल्या मंडळ्यांत कणसं, भोपळे, क्वचित कोंबडीसुद्धा येते, उपासनेनंतर लिलाव रंगतो. शहरातल्या आपल्या मुलांच्या हातात आपण नोट देतो. त्यापेक्षा कुंडीत मेथी पेरू द्या. मूठभर येईल, किडकी येईल, पण ती त्यांची असेल.

आणि 52 टक्केवाल्याचं पाकीट? तेही जायला हवं, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्यावर काय लिहायचं, ते आपण ठरवू नये; त्यालाच विचारावं. आमच्या नात्यातल्या एकाने दहावीनंतर आर्ट्‌सला जायचं ठरवलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘गणित कायमचं सुटलं म्हणून.’ त्याची आई संकोचून पाकीट बदलायला निघाली होती. पाळकसाहेबांनी ते जसंच्या तसं वाचलं, आणि सगळ्यात मोठ्याने ‘आमेन’ मागच्या बाकावरून आलं.