पार्लरमध्ये फिलर घेऊ का?

प्रश्न : वय 52. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत खोल रेघा पडल्यात. मुलीचं लग्न तोंडावर आलंय. पार्लरवाली ‘स्वस्तात फिलर करून देते’ म्हणते. करू का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पार्लरमध्ये मुळीच नको. आधी हे काम कसं करतं ते समजून घ्या. आपल्या त्वचेत हायलुरोनिक अॅसिड मुळातच असतं. ते पाणी धरून ठेवतं. वयानं ते कमी होतं, गालाची चरबी ओसरते, सोलापूरचं ऊन त्यात भर घालतं आणि घडी पडते. फिलर म्हणजे याच पदार्थाचं घट्ट जेल. सुईनं घडीखाली भरलं की खालून आधार मिळतो, रेघ वर उचलली जाते. बोटॉक्स वेगळं, ते स्नायू सैल करतं. जेल साधारण 6 ते 18 महिन्यांत विरतं.

धोका सुईच्या टोकाशी आहे. नाकाजवळून जाणाऱ्या धमनीत जेल शिरलं, तर रक्त अडून त्वचा काळी पडते, क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी जेल विरघळवणारं हायलुरोनिडेज तत्काळ टोचावं लागतं. पार्लरमध्ये ते कोण देणार?

नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा. सीलबंद सिरिंज समोर फोडायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच बोला. सूज, काळे-निळे डाग उतरायला वेळ लागतो, म्हणून हळदीच्या किमान महिनाभर आधी करा.