जर्मन विद्यापीठांत प्रवेश

बारावीचा निकाल हातीं येतांच कित्येक घरीं जर्मनीस जाण्याचे बेत सुरू होतात, कर्जाचीहि बोलणीं होतात. पालकांनीं त्यापूर्वीं मुलाची पात्रता पाहावी, असें आम्हांस वाटतें. तेथील शालान्त परीक्षेस 'आबिटूर' म्हणतात. केवळ आपल्या बारावीस सामान्यतः तिची बरोबरी दिली जात नाहीं. गुण नव्वद असले तरी नाहीं! येथील मान्य विद्यापीठांत पदवीचें एक वर्ष यशस्वी रीतीनें पुरें केल्यास त्याच विषयाच्या शाखेस अर्ज करतां येतो. नाहींतर तेथील 'श्टुडिएनकोलेग' ह्या पूर्वतयारीच्या संस्थेंत बहुधा वर्षभर शिकून परीक्षा द्यावी लागते; आणि तेथें शिरण्यासहि चाचणी असते, तीहि बहुधा जर्मन भाषेंत. (भाषेचा अभ्यास येथेंच आरंभावा, हें आम्ही मुलांस वारंवार सांगतों.) 'जेईई अ‍ॅडव्हान्स्ड' उत्तीर्ण झालेल्यांस शास्त्रीय व तांत्रिक विषयांपुरती वाट मोकळी असते. १ नोव्हेंबर २०२२ पासून दिल्लीच्या ए.पी.एस. कचेरीकडून शिक्षणाचीं कागदपत्रें तपासून घेतल्यावांचून सामान्यतः विद्यार्थ्यास व्हिसा मिळत नाहीं. शिवाय वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधींच बंद खात्यांत ठेवावी लागते. २०२४ सालीं ती ११,९०४ युरो ठरली. त्या हिशेबानें दरमहा ९९२ युरोच काढतां येतात.