खरी भूक कशी ओळखावी?



भोजनाविषयीचा हा पाठ आपल्या समाजापुढे मांडताना जीभ जरा अडखळते. ज्यांच्या आजा-पणज्यांनी गावकीची कामे करून शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, त्यांना ‘कमी खा’ असे कोणी सांगावे? 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावरची सुकडी आणि मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आमच्या पिढीने खाल्ली आहे. म्हणून आरंभीच स्पष्ट करू की हा पाठ उपाशी माणसासाठी नाही. उपाशी माणसासाठी भगवंतांनी काय केले, ते आधी पाहू.

आळवी नगरात एक गरीब शेतकरी होता. त्याच्यासाठी तथागत जेतवनाहून तीस योजने चालून गेले, असे धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितले आहे. नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून आणीपर्यंत ऊन चढले, आणि तो तसाच उपाशीपोटी धम्म ऐकायला धावत आला. भगवंत त्याची वाट पाहत थांबले होते. तो येताच त्यांनी पहिल्यांदा विचारले, संघाच्या भोजनातून काही उरले आहे काय? त्याला पोटभर जेवू घातले आणि मगच उपदेशाला आरंभ केला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, तेव्हा भुकेसारखा दुसरा रोग नाही, असे भगवंतांनी त्यांना समजावले. उपाशीपोटी केलेला उपदेश दुःखात डोक्यात शिरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

ही कथा धम्मपदाच्या 203 व्या गाथेची. लगेच पुढच्या, 204 व्या गाथेची कथा कोसलच्या पसेनदी राजाची आहे. भुकेल्याच्या शेजारी खादाड बसवला आहे! हा राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे. जेवून भगवंतांकडे आला की धापा टाकी, डुलक्या देई, धड बसता येत नसे. भगवंतांनी त्याला झिडकारले नाही, उपासही सांगितला नाही. मात्रा जाणून जेवणाऱ्याच्या वेदना हलक्या होतात आणि म्हातारपण सावकाश येते, या अर्थाची एक गाथा सांगितली. संयुत्त निकायाप्रमाणे तेथे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजाच्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम त्याला मिळाले. त्यासाठी राजा रोज शंभर कार्षापण देई.

अट्ठकथेतील बारकावा आपल्या गृहिणींनी लक्षात ठेवावा असा आहे. गाथा जेवणाच्या आरंभी म्हणायची नाही, राजा शेवटचा घास उचलील तेव्हा म्हणायची. राजा तो घास ठेवून देई. त्या घासात जितकी शिते असतील तितकेच तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचे. असे एकेका घासाने उतरत राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला. अंग हलके झाले, तेव्हा स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत त्याने भगवंतांची अनुकंपा आठवली. एका दिवसात निम्मे जेवण तोडणारे आठवड्यात पुन्हा मूळपदावर येतात, हे आपण पाहतोच.

पालीत या गुणाला भोजने मत्तञ्ञुता, म्हणजे भोजनाची मात्रा जाणणे, असे म्हणतात. पण मात्रा जाणायची तर आधी भूक ओळखली पाहिजे. माझी एक साधी कसोटी आहे. खावेसे वाटले की मनाला विचारावे, आता कोरडी भाकरी आणि कांदा दिला तर चालेल काय? चालेल, तर ती भूक. ‘भाकरी नको, भजी असतील तर बघू’ असे उत्तर आले, तर ती तण्हा. खरी भूक हळूहळू वाढते, मिळेल ते गोड मानते आणि पोट भरले की शांत होते. तण्हा वास आला, चित्र दिसले, करमेनासे झाले, कोणाशी भांडण झाले की एकदम उठते. तिला अमुकच पदार्थ लागतो आणि पोट भरले तरी ती निवत नाही.

दुसरे, पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणारा तेवढ्या वेळात दोन भाकऱ्या जास्त खाऊन बसतो. थेरगाथेत सारिपुत्त स्थविर सांगतात की चार-पाच घासांची जागा राहिली असतानाच थांबून पाणी प्यावे.

आमच्या आजीला ताटात शीत उरलेले खपत नसे. उपासमार पाहिलेल्या बाईचे ते बरोबरच होते. पण पोट भरल्यावरही नातवंडांना ‘एवढे संपव’ म्हणून ती घास भरवी. अन्न वाया जाऊ नये हे खरे. त्यासाठी पहिल्यांदा कमी वाढावे आणि लागले तर पुन्हा घ्यावे. नको असलेले पोटात टाकले तरी ते वायाच गेले. शिवाय आजीचे दिवसभर शेतात राबणे होते. तिची नातवंडे दिवसभर खुर्चीवर बसतात आणि जेवण मात्र तिच्याच मापाचे घेतात.

काही घरांत जुने उपवास अजून चालू आहेत. त्यांचे काय होते ते ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीतच आले आहे. दुसऱ्या टोकाला, उरुवेलेस सिद्धार्थाने उपाशी राहून शरीराचा सापळा केला आणि तो मार्ग व्यर्थ ठरवून सुजातेची खीर स्वीकारली. उपोसथाला अष्टशील घेणारे दुपारनंतर सूर्योदयापर्यंत जेवत नाहीत. तो संयमाचा अभ्यास आहे. परंतु मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढती मुले आणि अंगमेहनत करणारे यांच्या ताटातले काही कमी करू नये. घरात भाकरी थोडी असेल तेव्हा सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला काय उरते, हेही पाहावे. तिला हा पाठ सांगण्याआधी आळवीची कथा आठवावी.

येत्या पौर्णिमेपर्यंत घरातील मोठ्यांनी एवढे करून पाहावे: रात्रीच्या जेवणात शेवटचा घास घेण्यापूर्वी क्षणभर हात थांबवावा आणि खरोखर भूक उरली आहे काय ते पाहावे. नसेल, तर दुसऱ्या दिवशी तेवढे पीठ कमी मळावे.